वहीपासून मोबाईलपर्यंत : नवी साधने, नवी पिढी आणि आपला समाज

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



१९७४-७५ साली भगवान महावीरांचा २५००वा निर्वाण महोत्सव साऱ्या देशात साजरा झाला. त्या भारावलेल्या वातावरणात आपल्या गावातील काही ज्येष्ठांनी एकत्र येऊन या ट्रस्टची मुहूर्तमेढ रोवली. तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. पहिल्या सभेत सतरंज्या अंथरण्याचे काम माझ्याकडे होते, एवढीच माझी त्या स्थापनेतील भागीदारी! आज सुवर्णमहोत्सवी वर्षात मला बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे.

‘डिजिटल तंत्रज्ञान, तरुण पिढी आणि बदलता समाज’ हा विषय माझ्याकडे आला तेव्हा मी संयोजकांना म्हणालो, “अहो, मी कापडाचा व्यापारी. शिक्षण बी.कॉम.पर्यंत, तेही १९८१ सालचे. एखाद्या इंजिनिअर मुलाला बोलवा.” त्यावर आमच्या तरुण चिटणीसांनी उत्तर दिले, “काका, इंजिनिअर यंत्राविषयी सांगतील. यंत्र घरात आल्यावर घराचे काय झाले, ते तुम्ही सांगा.” त्या उत्तरापुढे मी निरुत्तर झालो. तेव्हा आज मी तंत्रज्ञानावर बोलणार नाही. त्या तंत्रज्ञानाने माझ्या दुकानात, घरात आणि आपल्या समाजात जे घडवले, व त्यात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, तेच आपणांपुढे ठेवणार आहे.

बंधू-भगिनींनो, मी वडिलांच्या हाताखाली दुकानात बसू लागलो, त्या वेळची कापड पेठ आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. पांढरीशुभ्र गादी, भिंतीशी रचलेले ताके, लोखंडी मीटरपट्टी आणि लाल कापडात बांधलेली वही. माल आणायचा तर रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन मुळजी जेठा मार्केटमध्ये दिवसभर फिरायचे. भाव विचारायचा तर ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहायची. लग्नाचा बस्ता बांधायला एकेका घरातील दहा-पंधरा माणसे येत, दिवसभर बसत, जेवायला आमच्याच घरी असत. शेतकऱ्याची उधारी सुगीपर्यंत चाले. त्याला वाचता येत नसे, पण वहीत त्याच्या नावे काय लिहिले आहे याची शंका तो घेत नसे. वडील मला सांगत, “ज्याला वाचता येत नाही, त्याचे पान दोनदा तपासून लिही.”

या वाक्यात मला व्यापाराचे सारे शास्त्र दिसते. विद्यापीठाने मला जमा-नावे शिकवले, परंतु वही ही विश्वासाने चालते हे वडिलांनी शिकवले. आणि येथेच आजच्या विषयाचे मूळ आहे. त्या काळी ज्याचे वय अधिक, त्याला ठाऊक अधिक. कापडाचा पोत बोटांनी कसा ओळखावा, कोणता आडत्या वेळेवर पैसे देतो, कोणत्या घरात सोयरीक करावी, हे सर्व ज्ञान वडिलांकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे, म्हणजे उतारावरून पाणी वाहावे तसे वाहत होते. घरातील वडीलधाऱ्यांचा मान हा केवळ संस्काराचा भाग नव्हता. त्यांच्यावाचून घराचे अडत होते, हेही त्या मानाचे एक कारण होते.

तंत्रज्ञानाने नेमका हा प्रवाह बदलला. आज माझ्या मोबाईलमध्ये काही बिघडले तर मी बारा वर्षांच्या नातवाला हाक मारतो. घरातील सर्वांत लहान व्यक्ती सर्वांत मोठ्या व्यक्तीला शिकवते आहे, असा प्रसंग आपल्या पूर्वजांच्या घरांत क्वचितच आला असेल. हा बदल आपण मनाने स्वीकारलेला नाही. आपल्या पिढीला विचारण्याची लाज वाटते आणि नव्या पिढीला थांबून सांगण्याचा कंटाळा येतो. माझ्या अनुभवात आजवर जे जे नुकसान झाले, ते मोबाईलमुळे फार थोडे झाले; या लाजेमुळे आणि या कंटाळ्यामुळे अधिक झाले. माझे आजचे सांगणे एवढेच आहे. आता ते तीन-चार प्रसंगांतून विशद करतो.

प्रथम दुकानाकडे पाहू. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्या. ऐन लग्नसराईच्या तोंडावर गल्ला ओस पडला. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. बहुतेक कापडावर त्यापूर्वी आम्हाला विक्रीकर भरावा लागत नव्हता. त्यामुळे करनोंदणी, संगणकीय बिल, दरमहा विवरणपत्र हे सारे माझ्यासारख्या दुकानदाराला नवीन होते. माझा मुलगा म्हणाला, “बाबा, हिशेब संगणकावर घेऊ या.” मी म्हणालो, “पस्तीस वर्षे वही लिहिली, माझे काही अडले नाही.” त्या हट्टापायी पहिली दोन विवरणपत्रे चुकली, विलंब शुल्क भरावे लागले आणि मग मी मुकाट्याने मुलाशेजारी खुर्ची टाकून बसलो. वडिलांच्या शेजारी बसून जमाखर्च शिकलेला मी, सत्तावन्नाव्या वर्षी मुलाच्या शेजारी बसून तोच जमाखर्च पुन्हा शिकलो. आज सांगतो, ते तीन महिने माझ्या व मुलाच्या नात्यातील सर्वांत चांगले महिने होते. तोवर आम्ही एकमेकांशी केवळ भाव आणि उधारी एवढेच बोलत होतो.

त्याच काळात यूपीआय आले. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली सुरू केलेल्या या पद्धतीने ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा प्रथमच ओलांडला. आज भाजीवालीच्या टोपलीवरही क्यूआर कोडचा कागद दिसतो. सुट्या पैशांची कटकट गेली, खोट्या नोटेची भीती कमी झाली, आणि ज्या कष्टकरी भगिनीला कधी बँकेची पायरी चढण्याचा धीर झाला नाही तिच्या खात्यात रोजची कमाई जमा होऊ लागली. याचे श्रेय ज्यांना आहे त्यांना ते दिलेच पाहिजे.

परंतु एक गोष्ट मला दुकानात बसूनच कळली. पैसे जमा झाल्यावर मोठ्याने रक्कम सांगणारी ती छोटी पेटी आमच्याही काउंटरवर आली. एके दिवशी एक वयस्कर भगिनी आपल्या मुलीच्या पहिल्या सणासाठी साडी घ्यायला आल्या. शेजारी एक सधन कुटुंब बस्ता बांधत होते. बाईंनी बराच वेळ पाहून अगदी साधी साडी घेतली, मुलाने मोबाईलवरून पैसे भरले आणि ती पेटी साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात ती लहानशी रक्कम बोलली. बाईंनी मान खाली घातली. माझ्या वडिलांच्या काळात ग्राहक पदराच्या गाठीतून किती पैसे सोडतो, ते शेजारच्या ग्राहकाला कधी कळत नसे. तो दुकानदाराचा धर्म होता. त्या संध्याकाळी मी नातवाकडून पेटीचा आवाज कमी करायला शिकलो. काम एका बटणाचे होते. परंतु ते बटण दाबायला हवे हे यंत्राला कसे कळावे? ते माणसालाच कळायला हवे, आणि ते कळण्यासाठी दुकानात चाळीस वर्षे घालवलेला म्हातारा उपयोगी पडला. तरुणांजवळ साधन आहे आणि आपल्याजवळ ते कोठे थांबवावे याचा अनुभव आहे. या दोहोंची गाठ पडली तरच दुकान चालते, आणि समाजही.

आता घराविषयी. आमच्या घरातील स्त्री दुकानाची पायरी ग्राहक म्हणूनच चढत असे. गादीवर बसणे हा पुरुषांचा अधिकार, ही गोष्ट इतकी गृहीत होती की तिच्याविषयी कधी चर्चाही झाली नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. लग्नसराईसाठी भरलेला माल दुकानात पडून, व्यापाऱ्यांची देणी डोक्यावर आणि शटर बंद. एके रात्री सूनबाईंनी विचारले, “बाबा, मी साड्यांचे फोटो काढून ओळखीच्या बायकांना पाठवू का?” मी स्पष्ट नकार दिला. लोक काय म्हणतील, ही माझी एकमेव हरकत होती. दुसरे कारण माझ्यापाशी नव्हतेच.

महिनाभराने देणेकऱ्यांचे फोन वाढले तेव्हा मीच त्यांना म्हणालो, “करून पाहा.” सूनबाईंनी घरातल्या खिडकीच्या उजेडात एकेक साडी उलगडली, पदर दाखवला, काठ दाखवला, कापड हातात चुरगाळून दाखवले, आणि जेथे रंग मोबाईलमध्ये वेगळा दिसतो तेथे तसे स्पष्ट सांगितले. नियम शिथिल होऊन पार्सले जाऊ लागली, तेव्हा पुणे, नागपूर, बंगळूर येथून मागणी आली. त्या वर्षी दुकान तगले ते सूनबाईंमुळे, हे मी या व्यासपीठावरून सांगतो. आज त्या काउंटरवर बसतात. लोक काय म्हणाले? लोक काहीच म्हणाले नाहीत. उलट पेठेतील आणखी काही घरांतल्या सुना-लेकी आता आपापल्या दुकानांत बसू लागल्या आहेत. ज्या गोष्टीला आपण परंपरा म्हणत होतो ती अनेकदा आपली केवळ सवय होती, हे त्या लहानशा यंत्राने आम्हाला दाखवले.

बंधू-भगिनींनो, नव्या साधनाची भीती आपल्या समाजाला प्रथमच वाटते आहे असे मात्र नाही. आपला इतिहास थोडा आठवू या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापखाने वाढले तेव्हा धर्मग्रंथ छापावेत की नाही यावरून आपल्या समाजात मोठा वाद झाला. यंत्रात आणि शाईत कोणते पदार्थ असतील, छापलेला ग्रंथ कोणाच्या हाती जाईल, त्याचा अविनय होईल, अशा शंका जाणत्या मंडळींनी घेतल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पोथीवरील त्यांची श्रद्धाच त्यातून बोलत होती. त्याच काळात, १८८०च्या दशकात, सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू केले. तेव्हा ते तरुण होते. मूडबिद्रीच्या वसदीत ताडपत्रांवर जपलेल्या धवला-जयधवला ग्रंथांचे तोवर दर्शन घेतले जात असे, अध्ययन होत नसे. त्यांच्या प्रती व्हाव्यात म्हणून हिराचंदजी आणि मुंबईचे दानवीर माणिकचंदजी यांनी पुढाकार घेतला. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीस राहून धवला ग्रंथाच्या संपादनाचे काम हाती घेतले, १९३९ साली पहिला खंड प्रकाशित झाला आणि यथाकाल १६ खंड पूर्ण झाले. आज कोणीही जिज्ञासू ते ग्रंथ उघडून वाचू शकतो.

या इतिहासातून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली ही की साधनाला नकार देऊन धर्माचे रक्षण झाले नसते. वाळवीने आपले काम केलेच असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. छापखान्याने ग्रंथ सर्वांपर्यंत नेला, पण ताडपत्रावरील जुनी कन्नड लिपी वाचून देणारे, ओळ न् ओळ ताडून पाहणारे जाणते पंडित नसते तर छापखाना काय छापणार होता? तरुणांचे धाडस आणि जाणत्यांची चिकित्सा एकत्र आली म्हणून ते कार्य सिद्धीस गेले. कोणा एकाच्याने ते झाले नसते.

आता मी माझ्या मोठ्या चुकीकडे येतो. ही गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी वाटले, सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत केवळ आपले गुणगान छापले जाऊ नये.

२०२२च्या चातुर्मासातील गोष्ट. माझ्या मोबाईलवर एक संदेश आला. त्यात अत्यंत अस्वच्छ जागेत पीठ मळत असल्याचे छायाचित्र होते, आणि आपल्याच गावात घरी पापड-खाकरे तयार करून संसार चालवणाऱ्या एका भगिनीचे नाव खाली लिहिले होते. पर्युषण जवळ आलेले, शुद्धीचा प्रश्न. मी क्षणाचाही विचार न करता तो संदेश समाजाच्या समूहावर पाठवला. वर दोन शब्द स्वतःचे लिहिले, “सर्वांनी काळजी घ्यावी.” ते दोन शब्द ट्रस्टच्या एका विश्वस्ताने लिहिले होते, म्हणून लोकांनी ते खरे मानले.

चौथ्या दिवशी आपल्या पाठशाळेत शिकवणारी, महाविद्यालयात जाणारी एक मुलगी माझ्या दुकानात आली. ती म्हणाली, “आजोबा, रागावणार नसाल तर एक दाखवते.” तिने ते छायाचित्र इंटरनेटवर शोधून काढले होते. ते अनेक वर्षांपूर्वीचे, दुसऱ्याच प्रांतातील निघाले. कोणीतरी ते उचलून त्याखाली या भगिनीचे नाव जोडले होते. हे शोधायला तिला फार तर दोन मिनिटे लागली होती. ती दोन मिनिटे मी तिच्याकडे, माझ्या मुलाकडे, नातवाकडे, कोणाकडेही मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाहीत. मला विचारण्याची गरजच वाटली नाही. मी वयाने मोठा होतो.

तोवर त्या भगिनीच्या पर्युषणातील बहुतेक मागण्या रद्द झाल्या होत्या. मी तिच्या घरी गेलो आणि हात जोडून क्षमा मागितली. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिले. मग म्हणाली, “काका, तुम्ही मोठे असून माझ्या दारी आलात, माझ्या मनात राग नाही. पण तो मेसेज ज्यांना ज्यांना गेला, त्या सगळ्यांच्या दारी तुम्हाला जाता येईल का?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आजही नाही. क्षमावाणीच्या दिवशी मी मंदिराच्या सभामंडपात उभे राहून सर्वांसमक्ष माझी चूक वाचून दाखवली. समूहावरही लिहिले. गावातील मागण्या हळूहळू परत आल्या. पण बाहेरगावी तो संदेश अजून कोणाच्या मोबाईलमध्ये असेल, कोणास ठाऊक. वहीत चुकीची रक्कम लिहिली तर खाडाखोड करून सही करता येते. येथे वहीची पाने वाऱ्यावर उडालेली असतात.

त्या दिवसांत मी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय पुन्हा वाचला. लहानपणापासून पाठ, परंतु अर्थ तेव्हा उमगला. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख तयार करणे सांगितले आहे, तसेच ‘रहोभ्याख्यान’ म्हणजे दुसऱ्याची खासगी गोष्ट उघड करणे हेही सांगितले आहे. आचार्यांसमोर मोबाईल नव्हता; माणसाचे मन मात्र होते. पैसे भरल्याचे खोटे चित्र दाखवून दिवाळीच्या गर्दीत आमच्याच दुकानातून कापड घेऊन गेलेला ग्राहक आणि न तपासता खोटा संदेश पुढे पाठवणारा मी, यांत हेतूचा भेद आहे. परंतु ज्याचे नुकसान झाले त्याच्या दृष्टीने तो भेद किती उरतो?

आणि रहोभ्याख्यानाविषयी एक नम्र सूचना. आपल्या वधू-वर परिचय सूचीतील मुलींची छायाचित्रे, जन्मतारखा, फोन क्रमांक आज किती अनोळखी मोबाईलांत फिरत आहेत! पूर्वी ही पत्रिका मध्यस्थाच्या पिशवीत असे आणि दोन घरांतच उघडे. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी आपल्या संसदेने २०२३ साली कायदा केला आहे. परंतु कायद्याच्या आधी आपल्या आचार्यांनीच ते सांगून ठेवलेले आहे.

ज्येष्ठांना आणखी एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. पोलीस किंवा न्यायालयाच्या नावाने व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अटक’ झाल्याची भीती घालायची आणि आयुष्याची पुंजी काढून घ्यायची, असे प्रकार सर्वत्र घडले आहेत. अशा अटकेची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. असा फोन आला तर तो बंद करावा, घरातल्या मुलांना सांगावे आणि पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. फसवणारा पहिली गोष्ट कोणती सांगतो ठाऊक आहे? “घरात कोणाला सांगू नका.” आपली लाज हेच त्याचे भांडवल असते. ज्या घरात आजोबा नातवाला मोकळेपणाने विचारतात, त्या घरात त्याचा धंदा चालत नाही.

तरुण मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. टाळेबंदीत मंदिराची दारे बंद असताना तुम्ही पाठशाळा मोबाईलवर सुरू ठेवलीत, परदेशी असलेल्या आपल्या मुलांना स्वाध्यायाला जोडलेत, एकाकी ज्येष्ठांना औषधे पोहोचवलीत. त्या वेळी तुम्ही समाज सांभाळलात, याची नोंद आपल्या इतिवृत्तात आहे आणि ती मी स्वतः लिहिली आहे. परंतु दारे उघडल्यावरही काहीजण घरबसल्या दर्शन घेण्यातच समाधान मानू लागले. पडद्यावर मूर्ती दिसते, पण शेजारी बसलेल्या आजीच्या डोळ्यांतील मोतीबिंदू दिसत नाही. साधर्मिक वात्सल्यासाठी शेजारी बसावे लागते. आणि आम्ही तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तर उसासा टाकू नका. तुम्हाला पाढे शिकवताना आम्ही तीनदाच सांगून थांबलो नव्हतो.

बोलण्यास कृतीची जोड हवी, म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टपुढे मी काही प्रस्ताव ठेवतो. दर रविवारी स्वाध्यायानंतर एक तास पाठशाळेतील मुलांनी ज्येष्ठांना मोबाईलचा सुरक्षित वापर शिकवावा आणि पुढचा अर्धा तास ज्येष्ठांनी मुलांना आपापला व्यवसाय, कापडाचा पोत, जमाखर्च, जे येत असेल ते शिकवावे. समाजाच्या समूहावर कोणाविषयीही तक्रारीचा संदेश टाकण्यापूर्वी एका सामायिकाचा काळ, म्हणजे ४८ मिनिटे थांबावे आणि तेवढ्यात एखाद्या तरुणाकडून तो तपासून घ्यावा. वधू-वर सूची संबंधित कुटुंबांनाच पाहता येईल अशी व्यवस्था करावी. मंदिरातील हस्तलिखित पोथ्या आणि ट्रस्टची ५० वर्षांची इतिवृत्ते जाणकारांच्या देखरेखीखाली संगणकावर जतन करावीत. बोलीची आणि दानाची जमा दरमहा सर्वांना मोबाईलवर पाहता यावी. ज्या वहीवर विश्वास हवा, ती उघडी असलेली बरी.

शेवटचा प्रस्ताव माझ्या स्वतःच्या संदर्भात आहे. गेल्या ५० वर्षांत आपल्या विश्वस्त मंडळावर एकही महिला नव्हती आणि चाळिशीच्या आतील विश्वस्तही मला आठवत नाही. कामे तरुणांनी करायची, सह्या आम्ही करायच्या, असे चालत आले आहे. ज्याच्या हाती जबाबदारी नाही, त्याला सबुरी कोठून येणार? २००३पासून, म्हणजे २२ वर्षे, मी विश्वस्त आहे. या वर्षाअखेर माझी जागा मी रिकामी करीत आहे. त्या जागी पाठशाळेत शिकवणाऱ्या, मला माझी चूक दाखवण्याचे धैर्य दाखवणाऱ्या त्या मुलीच्या नावाचा विचार मंडळाने करावा, अशी विनंती मी अध्यक्षांना लेखी दिली आहे. निर्णय मंडळाचा आहे. तो काहीही झाला तरी दर रविवारी हिशेब तपासायला मी येत राहीन, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचे पान दोनदा तपासावे, हे नव्या विश्वस्तांना सांगत राहीन. फरक इतकाच की आता ज्याला वाचता येत नाही तो मी असेन आणि पान तपासणारे ते असतील.

 बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले गेले असल्यास मन, वचन, कायेने क्षमा मागतो आणि माझे भाषण संपवतो.

जय जिनेंद्र!